अकरा जणांची एकच सकाळ

३ जून
नवी शाळा, नवी डायरी. ही डायरी फक्त माझ्यासाठी आहे, तरी अक्षर नीट काढायचं. पुढेमागे कुणाला माझ्या अध्यापनपद्धतीचा अभ्यास करावासा वाटला तर अडचण नको.

आज कर्णबधिर मुलांच्या शाळेत लेखी इंग्रजीचा शिक्षक म्हणून रुजू झालो. रिटायर झाल्यापासून वर्षभर घरात बसून होतो. हिचं म्हणणं, नुसता बसून असतो तर चाललं असतं, मी बसून बोलत होतो. नोकरी लागल्याचा आनंद माझ्यापेक्षा हिलाच जास्त झालेला दिसला. डबा आदल्या दिवशीच घासून ठेवला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी काम समजावून दिलं. वरच्या वर्गात अकरा मुलंमुली. मार्चमध्ये बोर्डाची लेखी इंग्रजीची परीक्षा. पास झाले तर पुढचे कोर्स, नाही तर घरी. मी म्हटलं, बाई, काळजी सोडा. जन्मभर ज्यांना शिकवलं त्यांना ऐकू येत होतं आणि तरी त्यांनी ऐकलं नाही. त्यातूनही रिझल्ट काढले. बाई हसल्या नाहीत. विनोदबुद्धी कमी असावी.

४ जून
पहिला तास. पिन ड्रॉप सायलेन्सची अपेक्षा होती. कसचं काय! बाकं ओढतात, पाय आपटतात, खदाखदा हसतात, एकमेकांना हाक मारायची तर बाकावर थाप मारतात. इतका गोंगाट माझ्या जुन्या शाळेत मधल्या सुट्टीतसुद्धा नव्हता. चारदा ओरडलो, ‘सायलेन्स!’ मग लक्षात आलं. पण एव्हाना घसा बसला होता.

वर्गात माझ्याशेजारी एक दुभाषीबाई उभ्या असतात. मी बोलायचं, त्यांनी ते खुणांमध्ये सांगायचं. चुणचुणीत आहेत, जरा तिखट वाटल्या. मुलं सगळा वेळ त्यांच्याकडेच बघतात. मी दोन वेळा खाकरलो, कुणीही वळून बघितलं नाही.

संकल्प: १. रोज एक तास आधी पोचायचं. २. घशाच्या गोळ्या आणायच्या. ३. मार्चपर्यंत अकराच्या अकरा पास.

९ जून
व्याकरणाचा फळा भरून काढला. शिकवण्यात असा रंगलो की वेळेचं भान राहिलं नाही. वळून बघतो तर वर्ग रिकामा. एकही जण नाही. बाकावर फक्त एक कंपासपेटी.

या शाळेत घंटा नाही, दाराच्या वर दिवा लागतो-विझतो. फळ्याकडे तोंड असल्यामुळे मला तो दिसला नाही. म्हणे दिवा लागून वीस मिनिटं झाली होती. मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं की दिवा फळ्याच्या वर लावावा. त्यांनी सुचवलं की मी मुलांकडे तोंड करावं. त्यांचा अनुभव प्रशासनाचा आहे, शिकवण्याचा नाही. सोडून दिलं.

१७ जून
आज वर्ग खूश झाला असावा. गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले. एवढ्या सगळ्यांना एकदम जायची काय घाई, असं वाटलं, पण मुलांची अडवणूक करू नये म्हणून सगळ्यांना बाथरूमला पाठवलं. गोंधळून गेली आणि तशीच परत आली.

दुभाषीबाई नंतर म्हणाल्या, त्या टाळ्या होत्या.

म्हणजे शिकवणं आवडतंय! हिला घरी सांगितलं. हिने विचारलं, टाळ्या तुला की बाईंच्या हातांना? मी पेपर उघडला.

२३ जून
दुभाषीबाईंनी तीन गोष्टी काढल्या. एक, मी फळ्याकडे तोंड करून बोलतो. दोन, माझ्या मिशा ओठांवर येतात, त्यामुळे ओठ वाचता येत नाहीत. तीन, मी खुणा शिकाव्यात, संध्याकाळी त्या फुकट शिकवतील.

मी शांतपणे सांगितलं की मिशा माझ्या वडिलांसारख्या आहेत आणि त्या उतरणार नाहीत. खुणांबद्दल म्हणाल तर मला लेखी इंग्रजी शिकवायचंय. हातांनी शिकलेली इंग्रजी कागदावर कशी उतरणार? आणि या वयात मी हात नाचवत बसू?

मुलांनी मला खुणेचं नाव ठेवलंय, हेही त्यांनी सांगितलं. वरच्या ओठावर बोट आडवं फिरवायचं. मला वाटत होतं, मी दिसलो की मुलं एकमेकांना गप्प बसायला सांगतात.

६ जुलै
निर्णय घेतला. दुभाषीबाई वर्गात असतील तोवर मुलं इंग्रजी शिकणार नाहीत. त्यांना आयतं मिळतंय. पोहायला शिकवायचं तर ट्यूब काढून घ्यावी लागते. मुख्याध्यापिकाबाईंशी तासभर बोललो. त्यांनी हात टेकले. उद्यापासून दुभाषीबाई खालच्या वर्गांना.

जाताना दुभाषीबाई म्हणाल्या, ‘सर, ट्यूब काढा, पण आधी पाण्यात उतरा तरी.’ तिखट आहेत हे मी पहिल्याच दिवशी लिहिलंय.

७ जुलै
क्रांतिकारक दिवस. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता! प्रत्येक वाक्यानंतर विचारलं, ‘कळलं?’ अकराही जणांनी माना हलवल्या. एकही शंका नाही. मधेच एकदा चुकून ‘चहा प्यायला का?’ असं विचारलं गेलं, त्यालाही माना हलवल्या. आज्ञाधारक मुलं.

१९ जुलै
वह्या तपासल्या. काय अक्षर! छापल्यासारखं. फळ्यावरचं जसंच्या तसं, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नाही. जुन्या शाळेत इतकी सुंदर वही मी पाहिली नव्हती. सगळ्यांत सुंदर वही मॉनिटरची. (वर्गाची मॉनिटर आहे म्हणून मॉनिटर. उंच, काटक, शेंडीसारखी घट्ट वेणी, डोळ्यांत सतत काहीतरी विचारायचंय असा भाव.) तिला ‘एक्सलंट’ दिलं.

हीच माझी पद्धत. आधी उतरवा, मग आठवा, मग आपोआप येतं. पुस्तक लिहायला हरकत नाही.

११ ऑगस्ट
खडू गायब होतात. पेटीत सकाळी मोजून ठेवतो, दुपारी कमी. आज पाळत ठेवली. मॉनिटर! बाकाखाली हात घालून कर्कटकाने खडू कोरत होती. हिसकावून घेतला. खडूची दाढ केली होती. अगदी दाढच, वरचे उंचवटे, मुळं, सगळं. माझ्या किडलेल्या दाढेसारखी दिसत होती. नवल वाटलं म्हणून बघत राहिलो, मग भानावर आलो आणि वर्गाबाहेर उभं केलं.

१२ ऑगस्ट
मॉनिटरचे वडील आले. लाँड्री आहे त्यांची. माझ्या शर्टाच्या कॉलरकडे बघून त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण बोलले नाहीत. सांगत होते की त्यांच्या गिऱ्हाइकांत दातांचा एक कारागीर आहे, कवळ्या बनवतो. पोरगी सुट्टीत त्याच्याकडे बसते. तो म्हणाला, हिचा हात सोन्याचा आहे, हिला दातांच्या लॅबोरेटरीच्या कोर्सला घाला. तिथे कानांचं काम नाही, बोटांचं आहे. फक्त लेखी इंग्रजी पास लागतं. वर्षाला एकच बॅच, आणि तिची वयोमर्यादा यंदा संपते.

मग ते म्हणाले, ‘सर, मला तिच्याशी बोलता येतं ते जेव, झोप, बस आली, एवढंच. तिची आई होती तोवर तिला जमत होतं. या पोरीने जन्मात एकच गोष्ट मागितली आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.’

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, मार्चनंतर पेढ्यांचा खर्च धरून ठेवा. भला माणूस. डोळे पुसत गेला. उगाच काळजी करतात हे लोक.

३० ऑगस्ट
दुभाषीबाई मधल्या सुट्टीत एक कागद घेऊन आल्या. मॉनिटरने स्वतःहून लिहिलेला. त्यांनी तिला नुसतं विचारलं होतं, दातच का? तिने लिहिलं होतं: ‘फादर टूथ ब्रोकन. फादर नो लाफ. आय मेक टूथ. फादर लाफ.’

बाईंचा चेहरा असा उजळला होता की जणू लॉटरी लागली. म्हणाल्या, हे तिचं स्वतःचं आहे सर, इथून सुरुवात करा. मी कागद घेतला आणि लाल पेनाने तपासला. अर्ध्या वाक्यांत क्रियापद नाही, आर्टिकलचा पत्ता नाही, काळाचा तर आनंदच. सगळं लालेलाल झालं. मॉनिटरला बोलावून कागद दाखवला. चुका कळाव्यात म्हणून प्रत्येक ठिकाणी बोट ठेवलं. तिने मान हलवली. कागद चौकोनी घडी करून दप्तरात ठेवला.

बोर्डाच्या परीक्षकासमोर असलं जाऊन चालत नाही. वेळीच आवर घातला हे बरं झालं.

८ सप्टेंबर
मास्टरस्ट्रोक! विषय कुठलाही येवो, एकच निबंध. रात्रंदिवस खपून लिहिला. ‘सकाळची रपेट’. सुरुवात अशी की पहाटे पक्ष्यांच्या मधुर गाण्याने मला जाग आली. मग झऱ्याचं खळखळणं, पानांची सळसळ, दूरवर गाडीची शिट्टी, आणि शेवटी एक गवळी गात जातो. तो तुकडा माझा फार आवडता. पहिली ओळ प्रश्नातून उतरवायची, मग रपेटीला निघायचं. मुलं वही भरून निबंध उतरवणार, परत उतरवणार, परत उतरवणार. मार्चपर्यंत झोपेत लिहितील.

हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, या मुलांनी गवळी ऐकला कधी? मी म्हटलं, साहित्यात कल्पनाशक्ती असते. ही म्हणाली, ती तुझी आहे, त्यांची कुठे आहे? सासरे शिक्षक होते, त्यामुळे हिला वाटतं आपल्यालाही कळतं.

९ सप्टेंबर
सकाळी निघताना घरचा नळ गळायला लागला. प्लंबरचा नंबर ऑफिसात शिपायाने सांगितला, जवळ कागद नव्हता म्हणून फळ्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मग पूर्ण निबंध फळ्यावर, दोन रकान्यांत. मुलांनी वहीत घेतला. मान वर न करता. समाधान वाटलं. प्लंबर आला नाही.

६ ऑक्टोबर
आठ दिवसांपूर्वी घसा पूर्ण गेला. डॉक्टर म्हणाले, बोलणं बंद ठेवा. त्यांनी माझा व्यवसाय विचारला, मी वहीत लिहून सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कर्णबधिर मुलांना? मग माझ्याच वहीत औषध लिहून दिलं.

आठ दिवस वर्गात एक शब्द बोललो नाही. मुलांना काहीच फरक पडलेला दिसला नाही.

१५ नोव्हेंबर
आजपासून रोज निबंध न बघता लिहायचा. मॉनिटरने पहिल्या प्रयत्नात पूर्ण लिहिला. स्वल्पविरामासकट! बाकीचेही मागे नाहीत. मला भरून आलं. मी वर हात करून पंजे हलवले. मुलं इतकी हसली की बाकं हलली. मॉनिटर मात्र हसली नाही. उठून माझ्याकडे आली, निबंधातल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. ‘मेलोडियस’. मी पाठ ताठ करून तोंडाने एक सूर लावून दाखवला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मी शब्दाखाली रेघ मारून ‘इम्पॉर्टंट’ असं लिहिलं. तिने मान हलवली आणि जागेवर गेली.

१० डिसेंबर
संस्थेच्या मीटिंगमध्ये माझा अहवाल वाचला. वर्गात दुभाष्याची गरज नाही, उलट त्याने नुकसान होतं, हे अनुभवाने सिद्ध झालं आहे, असं मांडलं. चेअरमन खूश झाले. असं कुणी पूर्वी सांगितलंच नव्हतं म्हणे. पगाराचं एक पद वाचेल. मुख्याध्यापिकाबाई काहीतरी बोलत होत्या, पण चेअरमननी चहा मागवला.

४ जानेवारी
दुभाषीबाईंचं पद रद्द झालं. आज त्यांचा शेवटचा दिवस. मला तसं व्हावं असं वाटत नव्हतं, मी फक्त मत दिलं होतं. लहान वर्गातली मुलं त्यांच्या पदराला धरून दरवाज्यापर्यंत गेली. मोठ्यांपैकी मॉनिटर गेली. दोघींनी बराच वेळ हात हलवले, इतक्या भराभर की मला फक्त माझं नाव कळलं, ओठावरचं बोट. दोन वेळा आलं ते.

काय म्हणाली असेल, असं वाटत राहिलं. मग वाटलं, कौतुकच असेल.

८ फेब्रुवारी
सराव परीक्षा मीच घेतली, मीच तपासली. अकराच्या अकरा डिस्टिंक्शन. मुख्याध्यापिकाबाईंनी पेपर मागितले. म्हटलं, निकाल लागल्यावर एकदमच बघा.

मिशा थोड्या कातरल्या. बोर्डाचे लोक येतील, जरा टापटीप असावं. दुसरं काही कारण नाही.

५ मार्च
परीक्षा झाली. केंद्राच्या गेटवर उभा होतो. मुलं बाहेर आली ती हसतच. मॉनिटरने मला लांबून बघून अंगठा दाखवला. तिचे वडील दुकान बंद करून आले होते, इस्त्रीचा वास येत होता त्यांना. ते माझ्या पाया पडायला लागले, मी पडू दिलं नाही. थोडंसंच पडले.

पेपर बघितला. निबंधाचा विषय: ‘मला आवडणारं काम’. विषय दोनदा वाचला. पण पद्धत म्हणजे पद्धत. पहिली ओळ विषयाची, मग रपेट. घरी येऊन झोपलो.

१८ एप्रिल
बोर्डाचं पत्र. अकरा निकाल राखून ठेवले आहेत. सामूहिक कॉपीचा संशय. चौकशीला अधिकारी येणार.

हसू आलं. इतकी चांगली उत्तरं त्यांनी आयुष्यात पाहिली नसतील, म्हणून संशय! अधिकारी आला की त्याला मुलांच्या वह्या दाखवायच्या. विषय संपला.

२१ एप्रिल
अधिकारी परवा येणार. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, दुभाषीबाईंना एका दिवसासाठी बोलावून घेते, मुलं आपली बाजू मांडू तरी शकतील. मी विरोध केला. बोर्डापुढे आपणच दुभाषी उभा केला तर आमच्या मुलांना इंग्रजी येत नाही हे कबूल केल्यासारखं होईल. माझी मुलं लिहून उत्तर देतील. बाईंनी कॅलेंडर बघितलं. मग म्हणाल्या, ‘सर, तुमची खात्री आहे ना? त्या पोरीचा अर्ज या महिन्याअखेर जायचाय.’ मी म्हटलं, शंभर टक्के.

२३ एप्रिल
सविस्तर लिहायचं नाही, पण लिहितो.

अधिकारी साधा माणूस. रागीट वगैरे नाही. अकरा उत्तरपत्रिका टेबलावर मांडल्या. अकरा जण एकाच पहाटे, एकाच पक्ष्याच्या गाण्याने उठले होते. अकराही जणांनी तोच गवळी ऐकला होता. मुलं कर्णबधिर आहेत हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, एकाने असं लिहिलं असतं तर कल्पना म्हणून सोडून दिलं असतं.

मी माझी पद्धत समजावून सांगितली. पाठांतर म्हणजे कॉपी नव्हे. तो ऐकत होता. मग त्याने विचारलं की ठीक आहे, पण झऱ्याच्या खळखळाटानंतर सगळ्यांनी एक दहा आकडी नंबर लिहिलाय, तो काय आहे?

मी बघितलं. प्लंबर.

अकराही वह्यांत होता. सप्टेंबरपासून. फळ्यावर जे होतं ते मुलांनी उतरवलं होतं, निबंधाच्या मधोमध, तो कोपरा जिथे येत होता तिथे. मी वह्या तपासल्या होत्या, प्रत्येक पानावर सही आहे. अक्षर बघत होतो. अधिकाऱ्याने तो नंबर लावून पाहिला होता. प्लंबर त्याला म्हणाला, पत्ता सांगा, उद्या येतो.

तरी मी हार मानली नाही. म्हटलं, मुलांना आत्ता, तुमच्यासमोर लिहू दे. मुख्याध्यापिकाबाई पुढे झाल्या, त्यांना थोड्या खुणा येतात, त्या प्रश्न समजावून देणार होत्या. मीच म्हटलं, नको बाई, लेखी प्रश्न, लेखी उत्तर. अधिकारी म्हणाला, ठीक. त्याने मॉनिटरला बोलावलं, कारण मी म्हटलं, ही सगळ्यांत हुशार.

त्याने एका कागदावर सोप्या इंग्रजीत लिहिलं: तुला पुढे काय व्हायचं आहे?

तिने प्रश्न वाचला. माझ्याकडे बघितलं. मी हसून मान हलवली, की लिही बिनधास्त. ती खूश झाली. बसली, वेणी मागे टाकली, पट्टीने समास आखला. आधी त्याचा प्रश्न सुंदर अक्षरात उतरवला. त्याखाली लिहिलं की पहाटे पक्ष्यांच्या मधुर गाण्याने मला जाग आली. ती पानभर लिहीत होती आणि आम्ही तिघं तिच्या डोक्यावर उभे होतो. कुणीच तिला थांबवलं नाही. नंबर आला तिथे तिने तो नंबरही लिहिला.

अधिकाऱ्याने कागद घेतला. तिला थँक्यू म्हणाला. ती हात जोडून गेली, बाहेर जाऊन मुलांना तिने अंगठा दाखवला, ते खिडकीतून दिसलं.

निकाल रद्द. पुढच्या मार्चमध्ये परत बसता येईल.

२४ एप्रिल
प्लंबरने नंबर लपवायला सांगायला हवा होता. छे, हे काय लिहितोय मी.

दोष कुणाचा याचा नीट विचार केला. १. शाळेने फळा लहान दिला आहे. २. खिडकीमुळे त्या कोपऱ्यावर चकाकी येते. ३. बोर्डाकडे लवचिकता नाही. ४. नळ.

ही म्हणाली, जेवून घे.

३० एप्रिल
अर्जाची शेवटची तारीख. मी स्वतः कोर्सच्या ऑफिसात गेलो, न बोलावता. खिडकीवरच्या माणसाला सांगितलं की एका मुलीसाठी आलो आहे, हात सोन्याचा आहे. तो म्हणाला, मार्कलिस्ट? मी म्हटलं, ती नाही. त्याने विचारलं, मग तिचं काही काम, काही लिहिलेलं, काही दाखवण्यासारखं आहे का, कधीकधी साहेब बघतात. मी बॅग उघडली. तिची वही होती. उघडून बघितली, मिटली, परत बॅगेत ठेवली.

पावणेपाचला खिडकी बंद झाली.

११ मे
सुट्टी आहे. मिशा काढून टाकल्या. ही आधी दचकली, मग म्हणाली, वरचा ओठ आहे की तुला, मला वाटलं नसेलच. आरशासमोर उभं राहून हळूहळू बोलून बघितलं. चांगलं दिसतंय. जूनपासून मुलांकडे तोंड करून शिकवायचं. खुणाही शिकायच्या. दुभाषीबाईंना फोन केला. त्यांना दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे. रागावल्या नाहीत. मॉनिटरचं विचारलं. मी म्हटलं, ठीक आहे. 

१६ मे
शाळेत वाचनालयाची पुस्तकं परत करायला गेलो होतो. शिपायाशिवाय कुणी नव्हतं. मॉनिटरचे वडील तिला घेऊन आले. शाळेचा दाखला काढायचा होता. तिला दुकानात इस्त्रीला बसवणार आहेत. कुणाबद्दल तक्रार नव्हती त्यांची, तेच जास्त लागलं. तिने मला ओळखलं नाही आधी. मग ओठावर बोट फिरवलं आणि हसली.

वडील म्हणाले की पोरगी रोज उठून तोच निबंध लिहिते. वह्यांवर वह्या. तिला वाटतंय तिचंच काहीतरी चुकलं, एखादं अक्षर, एखादी रेघ, म्हणून नापास केलं. ते तिला सांगायचा प्रयत्न करतात, पण त्यांना जेव, झोप आणि बस आली एवढंच येतं. ते म्हणाले, ‘सर, तुम्ही सांगा तिला. तुम्ही वर्षभर शिकवलंय. तिची चूक नाही एवढंच सांगा.’

मी तिच्यासमोर उभा राहिलो. तोंड तिच्याकडे, मिशा नाहीत, हळू बोललो. तिने मान हलवली. मला आता कळतं ती मान कशी असते. हात वर केले, पण हातांना काही येत नव्हतं. शेवटी वर्ग उघडायला लावला. फळा पुसलेला होता. मोठ्या अक्षरात, अगदी सोप्या इंग्रजीत लिहिलं: इट वॉज नॉट युवर फॉल्ट.

वळून बघितलं. ती तिच्या जुन्या बाकावर जाऊन बसली होती. दप्तरातून वही काढली, समास आखला, आणि ते वाक्य उतरवून घेतलं. परत त्याखाली लिहिलं. परत त्याखाली. पान भरत आल्यावर वही माझ्यापुढे धरली.

अक्षर छापल्यासारखं होतं.

वडील दारात उभे होते. त्यांनी विचारलं, समजलं ना तिला? मी हो म्हटलं.